पाणी, रस्ता, गटार: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे. पहिला पाऊस पडला की गावोगावचे रस्ते, नळ आणि गटारं एकदमच बोलायला लागतात. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की 1989 साली मी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि पाणीपुरवठा व बांधकाम या दोन टेबलांवर 31 वर्षं काढली. छोट्या गावांतच नोकरी झाली, त्यामुळे मोठ्या महानगरांचं माझ्याकडून फारसं काही मिळणार नाही.

ताई, आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं, पहाटे साडेपाचला, पाऊण तास. पहिलं पाणी गढूळ आणि गटाराच्या वासाचं असतं. तक्रार केली की माणूस येतो, टाकीवरचं पाणी तपासतो आणि "क्लोरीन बरोबर आहे" सांगून जातो. मग आम्ही खोटं बोलतो का?
– एक गृहिणी, सांगली जिल्हा

नाही हो, तुम्ही खरंच सांगताय. आणि टाकीवर तपासणारा तो माणूसही खरंच सांगतोय. पाणी बिघडतं ते टाकी आणि तुमचा नळ यांच्या मधल्या वाटेत, आणि बहुतेक वेळा पाणी बंद असताना.

दिवसाआड पाऊण तास पाणी म्हणजे दोन दिवसांतले सव्वासत्तेचाळीस तास तुमच्या गल्लीतली नळी बंद असते. व्हॉल्व्ह फिरवला की उताराकडच्या घरांच्या नळांतून उरलंसुरलं पाणी ओघळून जातं, नळीत पोकळी होते, आणि ती पोकळी बाहेरचं जे मिळेल ते आत ओढते. जुन्या पेठांत घराकडे जाणारी अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी सर्रास गटारातूनच नेलेली असते. ती दहा-पंधरा वर्षांत गंजते. त्यात कुणी थेट नळाला मोटार लावली असेल तर पाणी चालू असतानासुद्धा ओढ लागते. तुमचा शेजारी मोटार लावून जास्त पाणी घेतो एवढाच राग लोकांना असतो. तो सगळ्या गल्लीच्या नळीत गटार ओढतोय, हे कुणी त्याला सांगत नाही.

एक गल्ली मी विसरू शकत नाही. अकरा घरांची. पंधरवड्यात चार घरांत कावीळ निघाली. आमच्या रजिस्टरमध्ये टाकीवरची रोजची चाचणी लिहिलेली होती, सगळी "योग्य". मग आम्ही पहाटे चारला जाऊन प्रत्येक नळाखाली स्टीलचं पातेलं ठेवलं आणि पाणी सुटल्यापासून मिनिटामिनिटाला बघत बसलो. सहाव्या घरापासून पुढे पाण्याचा रंग बदलत होता. गटारातला गाळ काढला तेव्हा शेवाळाखाली त्या नळीला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक सापडलं. एवढ्याशा भोकाने एक नववीतली मुलगी महिनाभर अंथरुणाला खिळली होती. त्या दिवसापासून मी टाकीवरच्या चाचणीवर समाधान मानणं सोडलं.

तुम्ही हेच करा. पाणी सुटलं की घड्याळ बघून लिहा: घाण किती मिनिटं येते? पहिली पाच-दहा मिनिटंच येत असेल तर दोष जवळपासच्या नळीत. पाऊणच्या पाऊण तास येत असेल तर टाकी किंवा शुद्धीकरण केंद्र बघायला लागेल. फक्त तुमच्याच घरी येत असेल तर तुमची स्वतःची जोडणी. रांगेतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी लिहिलं तर कुठल्या दोन घरांच्या मध्ये बिघाड आहे ते कागदावरच दिसतं. क्लोरीनही टाकीवर नको, शेवटच्या घराच्या नळावर तपासायला लावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. टाकीजवळच्या घरी आहे आणि तुमच्याकडे शून्य, म्हणजे वाटेत घाण मिसळली आणि ती मारण्यातच क्लोरीन संपला. तक्रारीत "पाणी खराब येतं" एवढंच लिहू नका. "अमुक तारखेला 5.32 ते 5.41 गढूळ, घर क्रमांक अमुकपासून पुढे" असं लिहा. असा अर्ज हातात आला की आमच्या फिटरला कुठे खणायचं ते कळतं. आणि तोवर पाणी उकळून प्या, यात आळस नको.

आमच्या कॉलनीतला रस्ता मे महिन्यात डांबरी केला, जुलैत खडी वर आली. ठेकेदार म्हणतो पाऊस जास्त झाला. प्लास्टिक घालून केलेले रस्ते टिकतात असं ऐकलं, ते का करत नाहीत?
– निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

गुरुजी, पाऊस दरवर्षीच येतो. तो येणार हे गृहीत धरूनच रस्ता करायचा असतो.

कॉलनीतल्या रस्त्यांवर बहुतेक वेळा 20 मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, टाकतात आणि त्यावर सीलकोट. कार्पेट मुळात सच्छिद्र असतं. सीलकोट म्हणजे त्या चाळणीवरचं झाकण. झाकण घातलंच नाही किंवा पातळ घातलं, की पाणी खडीपर्यंत जातं, डांबराची पकड सुटते आणि गाड्यांची चाकं खडी उचकटून बाजूला फेकतात. दुसरी गोष्ट तापमानाची. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचं मिश्रण अंथरताना 140 अंशांच्या खाली गेलेलं चालत नाही आणि ते 90 अंशांच्या खाली यायच्या आधी रोलर फिरून झालेला पाहिजे. डांबर-खडी मिसळणारा हॉट मिक्स प्लांट लांब असला, डंपरवर ताडपत्री नसली, वाटेत चहाला गाडी थांबली, की माल निवतो. निवलेला माल अंथरला तरी काळाच दिसतो आणि उद्घाटनाच्या फोटोत छान येतो. मी साइटवर खिशात थर्मामीटर ठेवायचे. दोन डंपर परत पाठवले तेव्हा मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. ते रस्ते नंतर टिकले आणि माझं म्हणणं मागे घ्यायची वेळ आली नाही.

पण सगळ्यांत मोठं कारण साधं आहे: पाणी रस्त्यावर थांबतं. मधला भाग उंच आणि दोन्ही कडांना उतार हवा, आणि कडेला गटार हवं. आपल्याकडे दर वेळी जुन्यावर नवा थर चढतो, साइडपट्टी तशीच राहते नाहीतर लोक दारासमोर मुरूम टाकून ती उंच करतात, आणि रस्त्याचं तळं होतं. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत मला गटारच दिसलं नाही.

प्लास्टिकचं म्हणता ते खरं तंत्र आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ते विकसित केलं, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सुमारे 160-170 अंशांवर तापवलेल्या खडीवर बारीक कातरलेलं प्लास्टिक टाकायचं, त्याचा पापुद्रा खडीवर बसतो, मग डांबर. प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या साधारण 8 टक्के. इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करून त्यातलं प्लास्टिक रस्त्याला वापरून दाखवलं. पण तिथे आधी घराघरांतून कोरडं, स्वच्छ प्लास्टिक वेगळं येत होतं. मातीने माखलेल्या ओल्या पिशव्या हॉट मिक्स प्लांटवर नेऊन काही होत नाही. आणि गटार नसेल तर प्लास्टिकचा रस्ताही पाण्यात उभाच राहणार.

आता काय करायचं? माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून तीन कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं. सीलकोटचं बिल निघालंय का, हे पुस्तिकेत लगेच कळेल. कामाची समक्ष पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही त्याच 2005 च्या कायद्यात आहे, तो फार कमी लोक वापरतात. निविदेच्या अटींत दोष दायित्व कालावधी किती ते बघा. त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि त्याची सुरक्षा ठेव तोवर कार्यालयाकडे असते. मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा, की कालावधी संपण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी, तोवर ठेव परत करू नये. तारीख महत्त्वाची. ठेव एकदा परत गेली की ठेकेदार सापडत नाही.

आमच्या गल्लीतले दिवे दिवसाही चालू असतात. कुणाला सांगायचं?
– बारावीतला विद्यार्थी, सातारा जिल्हा

खांबावर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो, तो कळव. एक दिवा जळत असेल तर त्या खांबाचा दोष, सगळी रांगच जळत असेल तर फीडर पिलरमधला (त्या रांगेला वीज देणाऱ्या पेटीतला) टायमर बिघडलाय. 30 वॅटचे 40 दिवे बारा तास फुकट जळले तर रोजची 14.4 युनिट वीज जाते. हा हिशेब अर्जात लिही. आकडा दिसला की पत्र लवकर पुढे सरकतं, असा माझा अनुभव आहे.

आमच्या गावात भुयारी गटार नाही, सगळीकडे सेप्टिक टँक. मी महिला बचत गटाचं काम बघते. मागच्या महिन्यात टँक तुंबला म्हणून दोन मुलं आत उतरवली, एकाला चक्कर आली, नशिबाने वाचला. ठेकेदार म्हणतो मशीनचा पाइप गल्लीत पोचत नाही. काय करू शकतो?
– बचत गटाच्या अध्यक्षा, नाशिक जिल्हा

ताई, आधी हे आजच करा: पुढच्या वेळी कुणीही माणूस आत उतरत असेल तर तिथेच थांबवा. अगदी रस्त्यात आडव्या उभ्या राहा. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तक्रारीसाठी 14420 हा क्रमांक आहे. ठेकेदाराला हे आकडे तोंडावर सांगा.

आणि त्या मुलांना सांगा, की वास आला नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो खूप वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, माणसाला वाटतं वास गेला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो. बातम्या वाचा, बहुतेक वेळा दोघे-तिघे एकदम गेलेले असतात, त्याचं कारण हे आहे. आमच्याकडचे जुने मुकादम झाकण उघडून कंदील आत सोडायचे. तो विझला तर हवा नाही असं समजायचे. हे तर मुळीच करू नका. आत मिथेन असेल तर भडका उडतो.

पाइप पोचत नाही हे कारण मी पुष्कळ ऐकलंय. मोठा टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा करून जास्तीचे पाइपाचे तुकडे जोडता येतात, आणि त्यानेही भागत नसेल तर ट्रॅक्टरवर बसवलेलं छोटं सक्शन यंत्र मिळतं. एकट्या छोट्या गावाला परवडत नसेल तर शेजारच्या गावांनी मिळून घ्यावं. आम्ही शेजारच्या दोन नगरपरिषदांशी वार ठरवून घेतले होते. डिझेल आणि चालक ज्याचं काम त्याचं. केरळमध्ये तर 2018 पासून गटाराच्या चेंबरमध्ये माणसाऐवजी उतरणारा बँडिकूट नावाचा यंत्रमानव वापरात आला. त्याचा हात खाली गाळ उपसतो, चालवणारा माणूस वर उभा राहून पडद्यावर बघतो.

पण तुमच्याच जिल्ह्यातलं सिन्नर आणि साताऱ्यातलं वाई यांचं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण ती आपल्यासारखीच गावं आहेत. टँक तुंबल्यावर गाडी बोलवायची, ही पद्धतच त्यांनी बदलली. गावाचे भाग पाडले आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचा टँक ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायचा असं ठरवलं, तुंबो अगर न तुंबो. खर्च स्वच्छता करातून भागवायचा. उपसलेला मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. वाईचं केंद्र रोज 70 हजार लिटरचं आहे. वेळेवर उपसलेल्या टँकमधला मैला पातळ असतो, तो पाइपाने निघतो. दहा-बारा वर्षं न उपसलेल्या टँकच्या तळाशी घट्ट थर बसतो आणि तो फोडायला मग माणूस उतरवतात. म्हणजे वेळापत्रक असेल तर माणूस उतरवायची वेळच येत नाही. तुमच्या गटातल्या बायकांना घेऊन सिन्नरला एक दिवस जाऊन या. येताना तिथल्या कराची आणि कराराची कागदपत्रं मागून आणा, आणि आपल्या ग्रामसभेत नाहीतर सर्वसाधारण सभेत ठेवा.

आमच्या शहरात 24 तास पाणी योजनेचा प्रस्ताव आलाय. लोक म्हणतात मीटर नको. मी पहिल्यांदाच निवडून आलोय, कुठली बाजू घेऊ?
– एक नगरसेवक, कोल्हापूर जिल्हा

मीटरची. वरच्या सांगलीच्या ताईंचा प्रश्न पुन्हा वाचा. नळी सतत भरलेली आणि दाबाखाली असली की भोकातून पाणी बाहेर जाईल, घाण आत येणार नाही. 24 तास पाण्याचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि प्रचारात नेमका तोच कुणी सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने 2009 च्या सुमारास मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर लावून हे करून दाखवलं. जो कमी वापरतो त्याला दर कमी, जो बाग भिजवतो त्याला जास्त. पाणी कधीही येणार हे पक्कं झालं की बायका पिंप भरून ठेवत नाहीत आणि कालचं पाणी शिळं म्हणून ओततही नाहीत. आता तुमच्या मतदारांचं "मीटर नको" म्हणजे खरं तर "बिलाची भीती वाटते" असं असतं. ओडिशात पुरीने 2021 मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं केलं, तिथे बचत गटातल्या बायका "जलसाथी" म्हणून दारोदार मीटर वाचतात, पाणी तपासतात, बिल घेतात. ओळखीची बाई समोर असली की शंका दारातच फिटते. तुम्ही सभेत एवढं विचारा, की योजना उभी राहिल्यावर तिसऱ्या वर्षी व्हॉल्व्ह कोण फिरवणार आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून. मी पाहिलेल्या प्रस्तावांत हे पान कायम कोरं असायचं.

माझे बाबा 28 वर्षं नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन आहेत. पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. गावातले सगळे व्हॉल्व्ह त्यांना पाठ. नव्या कंपनीने संगणकावर नकाशा केलाय, पण त्यात चुका आहेत असं बाबा म्हणतात. त्यांना कुणी विचारत नाही. त्यांचं वाईट वाटतं.
– एक मुलगी, पुणे जिल्हा

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

एकदा आमच्याकडे मुख्य नळी फुटली, रात्री दोनला. अर्ध्या गावाचं पाणी रस्त्यावर. नकाशाप्रमाणे व्हॉल्व्ह चौकात होता. चौकात काँक्रीटचा नवा रस्ता झालेला. ठेकेदाराने झाकण गाडून टाकलं होतं आणि आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. दोन तास पहारी मारल्या. शेवटी निवृत्त झालेल्या आमच्या जुन्या व्हॉल्व्हमनला मोटारसायकलवर घरून आणलं. त्यांनी चौकाकडे बघितलंसुद्धा नाही. गिरणीच्या कोपऱ्यापासून पावलं मोजली, एक लोखंडी सळई जमिनीवर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी बॅटऱ्या विझवल्या, का कोण जाणे. दीड हात सरकले, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "इथं." फोडल्यावर एका वितीवर झाकण लागलं. नकाशातल्या जागेपासून ते चौदा फूट लांब होतं. कंपनीचे नकाशे बहुतेक जुन्या कागदी ड्रॉइंगवरून उतरवलेले असतात. नळी टाकताना वाटेत खडक लागला, कुणाचं जोतं आलं, आणि बाजूने वळवली, हे ड्रॉइंगमध्ये येत नाही.

म्हणून बाबांबरोबर हे काम तू कर. पाणी सुटायच्या वेळा टाळून, रोज संध्याकाळी तासभर. एक दोनशे पानी वही आणि मोजपट्टी. प्रत्येक व्हॉल्व्हला एक पान. जागा लिहिताना न हलणाऱ्या दोन खुणांपासून अंतर घे: देवळाचा दगडी कोपरा, शाळेच्या कमानीचा खांब. झाड किंवा टपरी नको. मग नळीचा व्यास, व्हॉल्व्ह कुठल्या घरांचं पाणी अडवतो, आणि बंद करायला किती फेरे लागतात. सहा इंची स्लूस व्हॉल्व्हला (फेरे देऊन पाणी अडवणाऱ्या) साधारण 20 फेरे. बाबा "हा चौदावरच अडतो" म्हणाले तर ते तसंच लिही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय आणि तो पूर्ण बंद होत नाही. काही व्हॉल्व्ह उलट्या बाजूने बंद होतात. नवा मुलगा जोर लावून त्यांचा दांडा मोडतो, तेव्हा दिशा बाणाने दाखव. मोबाइलवर फोटो काढ, त्यात बाबांचा हात झाकणावर असू दे. फोटो काढतानाच ठिकाणाची नोंद चालू ठेव, म्हणजे नकाशाशी ताडता येईल.

कुठल्या व्हॉल्व्हला ते काय नाव देतात तेही विचार. आमच्याकडे एकाचं नाव "रडका" होतं, कारण त्याची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची गळती अडवणारी जागा, कायम ठिबकायची. बाकीचे फिटर अजून त्या नावानेच तो ओळखतात, क्रमांकाने नाही.

वही भरली की दोन झेरॉक्स काढा. एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्या आणि पोच घ्या. एक पाण्याच्या टाकीवर, फिटर बसतात तिथे. मूळ वही बाबांकडे राहू दे. अर्जात लिही, की संगणकावरच्या नकाशातल्या चुका दाखवायला ते निवृत्तीनंतरही येतील, मात्र त्या दिवसांचं मानधन द्यावं. हे मागायला त्यांना संकोच वाटेल, म्हणून मी सांगते आहे. आणि पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कामावर लागल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिही.